कच्ची फाइल

आठवडाभर मी नौपाड्यातल्या स्टुडिओत
लोकांच्या गालांवरचे तीळ काढते.
पासपोर्टला कान दिसलेच पाहिजेत,
स्थळाला पाठवायच्या फोटोत तीळ दिसता कामा नये;
नियम वेगवेगळे, माउस तोच.
सुटी मंगळवारी. मंगळवारी येऊर.

पहिल्या बसने जाऊन फाटकावर उतरायचं,
वहीत नाव, वेळ, कारण.
कारणाच्या रकान्यात मी 'डोंगर' लिहिते.
गार्ड दर वेळी वाचतो, दर वेळी हसतो.

माघ सरत आलेला.
पानं गळून जंगलाची हाडं वर आलेली,
सावरीला तेवढी लाल फुलं, त्यांत मैनांची भांडणं.
देवजी उंबरसडा पुढे, मी मागे,
ट्रायपॉडच्या एका पायाला चिकटपट्टी.
म्हणाला, इथं नको. वर चला.
ऊन आधी त्या कातळाला शिवतं,
मग खाली येतं
म्हातारं माणूस पायऱ्या उतरतं तसं,
एकेक.

सात वाजून चार मिनिटं.
एफ अकरा, आयएसओ शंभर, श्वास बंद.
कॅमेऱ्याच्या पाठीवर हिस्टोग्राम उगवला,
तोही डोंगरच:
डावीकडे काळोखात पाय,
उजवीकडे उजेडात उतरत गेलेली सोंड.

रात्री लोकमान्यनगरात
खालच्या गिरणीची घरघर थांबल्यावर
डोंगर लॅपटॉपवर मांडून बसले.
धुरकं काढलं.
सावल्या उचलल्या (एवढ्या जड गोष्टी
एका बोटाने उचलता येतात).
घोडबंदरच्या बाजूचे चौतीस मजले
एका घासात.
विजेच्या तारा सवयीने, तिळांसारख्या.
मग उतारावर एक निळा ठिपका.
ताडपत्री असावी. निळा फारच बोंबलत होता.
शेजारच्या गवताचा तुकडा उचलून त्यावर ठेवला.
गवत छान बसलं.
कुठे जोडलंय ते मलाही सापडेना,
आणि मी खूश झाले.

पुढच्या मंगळवारी देवजीला प्रिंट दिला.
बारा बाय अठरा, मॅट.
त्याने हात शर्टाला पुसले, कडेने धरला,
कातळ ओळखला. सावर ओळखली.
ओढ्याची कोरडी रेघ ओळखली.
बोट फिरत फिरत उतारावर आलं
आणि तिथंच थांबलं.

"ताई, इथं माझी बहीण राहते."

रागाने नाही.
मी चुकून दुसऱ्याच डोंगराचा फोटो आणलाय का
असं विचारावं, तसं.
"वादळात कौलं गेली तिची.
ताडपत्री मीच आणली, जांभळी नाक्यावरून."

मी म्हणाले, ते उजेडामुळे... कोन जरा...
त्याने मान डोलावली.
उजेडातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.
प्रिंट त्याने गुंडाळून घेतला.
परत करायला तो काही गिऱ्हाईक नव्हता.

रात्री कच्ची फाइल उघडली.
कच्चीत सगळं असतं.
चपटं, करडं, कैरीसारखं दात आंबवणारं.
तारा असतात, चौतीस मजले असतात,
माझ्या लेन्सवरच्या धुळीचा डाग असतो.
ताडपत्रीवर गेले, मोठं केलं, अजून मोठं केलं,
चौकोन चौकोन होईस्तोवर.
दाराशी वाकलेलं कुणीतरी,
लुगडं म्हणा की सावली, पाच-सहा ठिपके,
आणि वर चढत गेलेली एक पातळ रेघ.

धुरकं काढताना
मी तिची चूल विझवली होती.

काहीच न पुसता सेव्ह करायला घेतली.
फाइलला नाव लागतं.
'येऊर ४७' खोडलं.
रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.
बहिणीचं नाव मी विचारलंच नव्हतं.

मंगळवार अजून सात दिवसांवर.